खोटा पायाळू

१

पोलीस पाटलाच्या कंबरेत लाथ घालायची आन् वर त्याच्याच घरी चहा प्यायचा, असा माणूस आमच्या गावात एकच हाय. तो मी. सरपंचाला तीनदा घातली. शाळेच्या हेडसरांना किती घातल्या ते मोजलं न्हाई. पायताण काढून, पाय धुऊन, डाव्या पायानं. लाथ खाऊन माणूस माझ्याच पाया पडतो. असं नशीब कुणाचं असतंय का?

माझं नाव विजयकुमार, पण सगळे विज्या म्हणतात. वय तेवीस. आखाडा बाळापूरवरून आत सहा किलोमीटर आमचं गाव. मी पायाळू हाय. म्हणजे आईच्या पोटातून पाय आधी आलेला. कंबरेत चमक भरली की पायाळूचा पाय लावायचा, चमक जाते. हळदीच्या हंगामात तर सगळ्या गावाच्या कंबरा जातात. खणायचं, वेचायचं, शिजवायचं, वाळवायचं, सगळं वाकून. मंग रविवारी आन् बुधवारी सकाळी आमच्या दारात रांग.

माणसानं उंबरठ्यावर पालथं झोपायचं. डोकं बाहेर, पाय घरात. मी आतून येणार, कंबरेवर तीनदा पाय देणार. मंग उठायचं, सरळ निघायचं, आन् दिवस मावळंपर्यंत मागं वळून आमच्या उंबरठ्याकडं बघायचं न्हाई. काहून बघायचं न्हाई ते कुणाला माहीत न्हाई. मला बी न्हाई, आन् तो नियम तर मीच काढलेला. साठ वर्षांची माणसं मान ताठ करून शिपायावानी चालत जाताना बघायला मजा यायची, म्हणून.

आमी पैसा घेत न्हाई. बापू छाती काढून सांगतो, "आमच्या पोराचा पाय इकायला न्हाई."

आता एक गोष्ट. मी पायाळू न्हाई.

नांदेडच्या दवाखान्यात आईचं पोट फाडून मला काढलं, पण आत मी बराबर होतो. डोकं खाली, पाय वर. बापू तवा ऊसतोडीला गेलेला. बारा वर्षांचा असताना हेडसरांच्या कंबरेत चमक भरली, आन् मी हात वर करून म्हणलं, "सर, मी पायाळू हाये." सरांना लाथ मारायला मिळते, एवढाच विचार होता. लाथ मारली. सर टणकन सरळ झाले.

दुसऱ्या दिवशी सरांची बायको नारळ घेऊन घरी आली आन् माझ्या आईला "अनुसयाताई" म्हणाली. तोवर आईला गावात कुणी ताई म्हणलं न्हवतं. आईनं नारळ घेतला, माझ्याकडं बघितलं, आन् नारळ देवापुढं ठेवला. बापू घरी आला तर तिनंच सांगितलं, "व्हय, पाय आधी होते, म्हणूनच फाडावं लागलं."

तवापासून अकरा वर्षं मी गावाला लाथा मारून राहिलो, आन् गाव बरं होऊन राहिलं.

२

मागच्या दिवाळीला आमी नवं घर बांधलं. स्लॅबचं. जुन्या घराचा उंबरठा सागवानी होता, माणसं झोपून झोपून मधी खोलगट झालेला. बापूनं नांदेडवरून काळा ग्रॅनाइट आणला. असा गुळगुळीत की वाकलं तर आपलं तोंड दिसतं. सगळ्या गावात ग्रॅनाइटचा उंबरठा आमचाच.

जुना उंबरठा आईनं पाणी तापवायला जाळला. त्या पाण्यानं आंघोळ केली आन् आठ दिवस घरात कुणालाच उठता-बसता येईना. आई म्हणाली, हवा बदलली. मी बी म्हणलं, हवाच असंल.

मार्चमधी नव्या उंबरठ्यावर पहिले आले किसनराव, रांग अजून लागायची होती. आमच्या शेजारचे, हळद शिजवायचा कुकर त्यांचा. उठले, कंबर वाकवून बघितली, म्हणले, "ग्रॅनाइट भारी हाय बरं, विज्या. थंडगार." आन् मान ताठ करून गेले.

दुपारी आई-बापू हळद पसरवायला वावरात. मी मधल्या खोलीत फॅनखाली पडलेलो. फॅन दर फेऱ्याला एकदा टक करतो. त्या टक-टक मधी दुसराच आवाज यायला लागला.

"हुंऽऽ... आई गं... च्यायला."

किसनरावांची कण्हायची पद्धत अख्ख्या गावाला माहीत हाय. आधी हुं, मंग आई, मंग च्यायला. मला वाटलं परत आलेत.

"या काका, आत या," म्हणलं.

"हुंऽऽ... आई गं... च्यायला."

उठून गेलो. दारात कुणी न्हाई. ओसरी मोकळी, गल्ली मोकळी, ऊन रटरटत होतं. उंबरठा चमकत होता. सगळा न्हाई. मधला दीड हात मंद दिसत होता, आरशावर तोंडाची वाफ सोडल्यावर दिसतो तसा. बोटानं पुसलं. पुसला गेला, आन् माझ्या डोळ्यादेखत परत मंद झाला. हात लावला तर कोमट. आमच्या दारावर पत्र्याची सावली हाय, ऊन तिथवर येतच न्हाई.

मी शिकलेला माणूस हाय, बीएससी दोन वर्षं. दगड उष्णता धरतो. भिंतीतून आवाज फिरतो. शेजारी किसनराव कण्हत असतील. मी भिंतीवरून डोकावलो. किसनरावांच्या घराला कुलूप होतं.

आमचं कुत्रं अंगणात झोपलेलं. मी छू केलं तर उठलं, दारापाशी आलं, थांबलं, आन् उंबरठ्यावरून उडी मारून आत गेलं. एवढी उंच उडी मारायचं तिथं काहीच न्हवतं.

३

चार वाजता मी किसनरावांच्या कुकरवर गेलो. वाफ सगळीकडं, कच्च्या हळदीचा वास. त्यात दुसरा एक वास होता. किसनराव कुकरच्या झाकणावर उजवा हात टेकून उभे होते, पारावर गप्पा मारताना टेकतात तसे.

"काका, हात."

"हाताचं काय?"

"झाकणावर हाय."

त्यांनी बघितलं, सावकाश काढला. तळव्याचं कातडं झाकणालाच राहिलं. "भाजलाय वाटतं," म्हणले. आन् हसले. "लई बरं वाटून राहिलंय रे पोरा. कंबर म्हणू नको, डोस्कं म्हणू नको, कसलीच तकलीफ न्हाई."

बुधवारी शकुबाई आली. तिचा पोरगा खेमा पुण्याला. चार महिने झाले, फोन न्हाई. त्यामुळं तिचा मोबाईल गळ्यातल्या कापडी पिशवीत असतो, झोपताना बी. लाथ मारली, ती उठली, गेली. मी तिच्या मागं मागं गेलो. खरं सांगतो, काळजीनं न्हाई. बघू तर काय होतंय, म्हणून.

हापशावर बसली होती. पिशवीत मोबाईल वाजला. तिनं काढला. मला वाचता आलं, खेमा.

"काकू, खेमाचा हाय. उचल."

"वाजून राहिलाय," ती म्हणाली. आन् वाजतच पिशवीत ठेवला. कोऱ्या तोंडानं माझ्याकडं बघत बसली. राग न्हाई, रुसवा न्हाई, काहीच न्हाई. मोबाईल वाजून वाजून बंद झाला.

घरी आलो. उंबरठा मंद झालेला, आता दीड हात न्हाई, तीन हात. आन् खालून शकुबाई विचारत होती, हळूच, झोपेत विचारल्यावानी:

"आला का रे खेमाचा फोन?"

थोडं थांबून परत. "आला का रे?"

मी आईला बोलावलं. आई आली, कान दिला, आन् माझ्याकडं अशी बघायला लागली की मला पुढचं कळलंच. मागं एका लग्नात मी कडब्याच्या गंजीत ब्लूटूथ स्पीकर ठेवून नवरदेवाच्या मेलेल्या आज्याचा आवाज काढला होता.

"ते डबडं दे इकडं," आई म्हणाली.

"आई, माझ्याजवळ न्हाई."

तिनं माझ्या पेटीतून स्पीकर काढला, तिच्या ट्रंकेत टाकला, कुलूप लावलं. स्पीकरची बॅटरी तर महिन्यापासून उतरलेली. आवाज चालूच राहिला. आईनं उठून टीव्ही मोठा केला.

मी मोबाईलवर रेकॉर्ड करून बघितलं. रेकॉर्डिंगमधी फॅन टक टक करतोय. बाकी काही न्हाई.

४

कोमल तवा आमच्याकडंच होती. माझी धाकटी बहीण, नरसीला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला आलेली. नववा महिना. सोनोग्राफीत कळलं होतं, लेकरू उलटं हाय, पाय खाली.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी पुढच्या सोमवारची तारीख दिली. ऑपरेशन. मला समोर बसवून सांगितलं होतं, कारण घरात शिकलेला मीच. "त्याच्या आधी कधी बी कळा सुरू झाल्या तर तासभर बी थांबायचं न्हाई. पाय आधी बाहेर आला आन् डोकं अडकलं तर लेकरू जाईल. आई बी जाऊ शकते. पोट, कंबर, काय बी दुखलं की निघा."

बापूला यातलं एकच ऐकू आलं. पाय आधी. सगळ्या गावात सांगून आला, "आमच्या घरात दुसरा पायाळू येऊन राहिलाय."

रविवारी सकाळी कोमल कंबर धरून आली. "विज्या, चमक भरली रे. पाय लाव."

"न्हाई."

"काहून?"

"माझा पाय दुखायलाय."

"गावाच्या म्हशीला बी लाथ मारली असशील तू, आन् बहिणीला पाय दुखतो व्हय?"

"दवाखान्यात जाऊ, कोमल. डॉक्टरीणबाई म्हणल्या..."

"चमक हाय. मला कळत न्हाई का? रात्री वाकडी झोपले."

मी आईला बाजूला घेऊन किसनरावांचा हात सांगितला, शकुबाईचा फोन सांगितला. पण मागच्याच हप्त्यात मी "गाडी काढा, कोमलला घ्या" म्हणून बोंब मारून सगळ्यांना झोपेतून बाहेर पळवलं होतं. टेम्पोवाल्या बाबूसिंगनं तर नुसत्या चड्डीवर टेम्पो चालू केला होता. त्यामुळं माझ्या शब्दाला घरात तेवढीच किंमत होती.

बापू बाहेरून ओरडला न्हाई. सावकाश म्हणला, "विज्या. दारात पाटील बसलेत, माणसं बसलीत. आपली लेक कण्हून राहिली आन् आपला पोरगा न्हाई म्हणतो. लोक काय म्हणतील? पाय खोटा हाय म्हणतील."

तिथं मी अडकलो. भीती होती, पण अकरा वर्षांचा मान त्याच्याहून मोठा होता. खोटं न्हाई सांगत, मला ते शब्द ऐकायचे न्हवते.

तिला पालथं झोपता येईना, म्हणून कुशीवर झोपवली. मी डावा पाय तिच्या कंबरेला नुसता लावला. एकदा, दोनदा, तीनदा.

"गेली," कोमल म्हणाली. उठली, मान ताठ करून अंगणात गेली, आन् दाराकडं पाठ करून खुर्चीत बसली. "आता दिवस मावळंपर्यंत मी काही वळत न्हाई. मला कलिंगड द्या."

५

बापू पाटलासंगं बाळापूरला गेला. बाकीच्यांना मी पाय दुखतो म्हणून परत लावलं, माणसं पांगली. आई चुलीपाशी. कोमल अंगणात कलिंगड खात, मोबाईल बघत. मी मधल्या खोलीत बसलो आन् उंबरठ्याकडं बघत राहिलो.

दहा चाळीसला आवाज आला. कोमलचा.

लहानपणी तिला काटा मोडला की ती तोंड दाबून रडायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून, मी चिडवीन म्हणून. तसाच. तोंड दाबलेला. खालून वर चढत गेला, थांबला, उतरला. मंग शांत.

मी दारातून बघितलं. अंगणात कोमल बिया थुंकत होती, एकेक, लांब.

दहा एकोणपन्नासला परत.

मी स्वतःला समजावलं. डोस्क्यात बसलंय माझ्या. ऐकायचं ठरवलं की फॅनमधून बी नाव ऐकू येतं. फॅन बंद केला. खोली इतकी गप झाली की भिंतीवरचं घड्याळ लांबून बोलल्यावानी वाटायला लागलं. आवाज आला तसाच आला. फॅन बंद होता म्हणून मोठा आला.

किसनराव मधूनच कण्हायचे. शकुबाईला वाटंल तवा ती विचारायची. कोमलचं तसं न्हवतं. मी मोबाईलवर वेळ मांडत गेलो. नऊ मिनिटं. आठ. सात, सात. सहा. दर वेळी जरा जास्त लांब.

साडेअकराला पाच मिनिटांवर आलं, आन् हे काय हाय ते मला कळलं. बीएससी लागायचं न्हाई त्याला. आमच्या म्हशी बी याच्यातून गेल्यात.

चमक न्हवतीच ती. कळ होती. पहिली कळ कंबरेत आली, आन् मी पाय लावून ती तिच्यापासून तोडली. जुन्या सागवानात दुखणं जिरायचं, दगडात जिरत न्हवतं. लेकरू निघालं होतं. तिचं अंग तिला सांगून राहिलं होतं, आन् सांगणारं इथं दगडावर पडलं होतं, माझ्यासमोर, आन् ती तिकडं बिया थुंकत होती.

६

"कोमल, ऊठ. दवाखान्यात जायचं."

"काहून?"

"कळा सुरू झाल्यात."

"कुणाला?"

"तुला."

ती हसली. पाठ तशीच माझ्याकडं. "आई, ह्याला बघ गं. मला कळा येऊन राहिल्या म्हणे, आन् मलाच कळंना."

आई चुलीवरून बोलली, "विज्या, लेकराच्या बाबतीत थट्टा न्हाई. मागच्या हप्त्यात एकदा झाली."

"आई, तू येऊन ऐक. बरोबर पाच मिनिटांनी येतंय."

"डबडं ट्रंकेत हाय का बघून येऊ?"

मागं उंबरठ्यावर सुरू झालं. वर चढलं. चढतच राहिलं. मी तळहात कानावर ठेवून उभा राहिलो, तरी बी ते ऐकू आलं.

"कोमल, एकदा मागं बघ." नियम माझीच थाप, पण दुसरा इलाज सुचंना.

"असं व्हय. माझी चमक परत आणायचीय तुला. म्हणून एवढं नाटक. न्हाई वळत, जा."

बाबूसिंगला फोन लावला. टेम्पो घेऊन ये म्हणलं. तो म्हणला, "आज कपडे घालून येऊ का तसाच?" पण येतो म्हणला. पण ही बसायला तर पाहिजे. न दुखणारं माणूस गाडीत कसं कोंबायचं?

मी घरात गेलो. उंबरठ्याच्या आतल्या अंगाला, दाराच्या मधोमध उभा राहिलो. मुद्दाम. मंग बोललो.

"कोमल, मी पायाळू न्हाई."

बिया थांबल्या.

"पोटात मी सरळ होतो. डोकं खाली. हेडसरांना लाथ मारायची होती म्हणून थाप मारली. तो मागं न बघायचा नियम बी माझीच थाप. अकरा वर्षं सगळ्या गावाला येड्यात काढलं. आज तुला बी. आईला विचार."

चुलीपाशी भांडं वाजायचं थांबलं. आईच्या तोंडाकडं मी बघितलं न्हाई. एवढ्या वर्षांचं ताईपण तिच्या हातून मी काढून घेत होतो.

"आई?" कोमल म्हणाली.

आईनं पदराला हात पुसले. "पाणी गेलं होतं म्हणून फाडलं," ती म्हणाली. "डोकंच होतं आधी."

"म्हणजे पाटील, सरपंच... सासरी मी सगळ्यांना सांगत फिरले, माझा भाऊ... सासऱ्याला घेऊन येणार होते मी इथं." कोमल उठली. वाकता येत न्हवतं तरी पायातली चप्पल हातात घेतली. "थांब तू."

आन् वळली.

चप्पल वर उचललेली. नजर माझ्या तोंडावर. मंग नजर खाली घसरली, माझ्या पायापाशी, आन् तिथंच राहिली. तिचा चेहरा उतरत गेला.

"विज्या," ती हळू म्हणाली, "पाय काढ. तिच्या केसावर पडायलाय."

मी खाली बघितलं. मला ग्रॅनाइट दिसला. पण बोलता बोलता माझा डावा पाय उंबरठ्यावर आला होता, आन् तळव्याखाली दगड न्हवता. मऊ होतं, ओलं होतं, गरम होतं, आन् वर-खाली होऊन राहिलं होतं.

मी पाय उचलला. परत ठेवला तर दगड. थंडगार.

अंगणात चप्पल पडली. कोमलनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली, आन् मघापासून मी ऐकत होतो तो आवाज तिच्या तोंडातून आला.

"आई," ती म्हणाली, "दुखायलंय."

माझ्या आयुष्यात मी असं गोड काही ऐकलं न्हाई.

७

डॉक्टरीणबाई म्हणल्या, अजून पंधरा मिनिटं गेली असती तर बोलायला काही उरलं नसतं. एक पाय खाली उतरला होता. पोरगं झालं. दोन किलो नऊशे. दोघं बी ठीक.

गावात आल्यावर मी किसनरावांना आन् शकुबाईला एकेक करून आमच्या दारासमोर उभं केलं आन् मागं बघा म्हणलं. दिवस कवाचे मावळले होते, पण ती अट बी माझीच, ती पाळायची जबाबदारी उंबरठ्यावर न्हवती. दोघं त्या दिवसापासून आमच्या गल्लीतून मान ताठ ठेवूनच जायचे, ते माझ्या तवा ध्यानात आलं. किसनरावांनी बघितलं, मटकन खाली बसले, आन् भाजलेल्या हातावर लेकरावानी फुंकर घालत रडले. शकुबाईनं बघितलं, पिशवीतून मोबाईल काढला, खेमाला लावला. त्यानं उचलला न्हाई. ती आमच्याच ओट्यावर डोळे पुसत, परत परत लावत बसली. मला बरं वाटलं. हे कुणाला सांगितलं असतं तर मार खाल्ला असता.

उंबरठा लख्ख झाला. मला वाटलं, संपलं.

बाराव्या दिवशी बारसं. बापूनं मंडप टाकला. मी खोटा हाय हे घराबाहेर गेलं न्हवतं, आन् बापूला बी सांगितलं न्हवतं. बाया पाळण्यापाशी गाणी म्हणत होत्या, तेवढ्यात बाबूसिंग कंबर धरून आला. टेम्पोचं चाक बदलताना चमक भरलेली.

मी पुढं व्हायच्या आत बापू उठला. "आज मामा न्हाई," म्हणला. "आज भाचा. आमचा अस्सल पायाळू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबूसिंग उंबरठ्यावर पालथा झाला. बापूनं पोराला दोन्ही हातांवर घेतलं. हळकुंडाएवढा पाय. तो बाबूसिंगच्या कंबरेला लावला. एक, दोन, तीन. पोरगं झोपेतच होतं.

"गेली रे बाप्पा," बाबूसिंग म्हणला, आन् मान ताठ करून मंडपातून निघाला.

मी उंबरठ्याकडं बघितलं. वाफ न्हाई. मंदपणा न्हाई. कुठंच काही न्हाई. आरशावानी स्वच्छ. मला आधी आनंद झाला.

मंग बापूनं पोराला कोमलच्या मांडीवर ठेवलं. मी शेजारीच होतो. पोराचं तोंड उघडलं. डोळे मिटलेलेच. आन् बारा दिवसांच्या त्या तोंडातून, गुटख्यानं खरखरीत झालेल्या गळ्यातून, हळूच आलं:

"हुंऽ... याडीऽ..."

बाबूसिंग तांड्यावरचा. आईला याडी म्हणतो.

बायांच्या गाण्यात कुणाला ऐकू गेलं न्हाई. कोमलला गेलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मंडपात अजून चार माणसं कंबर धरून उभी होती, आन् बापू त्यांना रांगेत लावून राहिला होता.

"बाबूसिंग," मी होता तेवढा जोर लावून ओरडलो, "टेम्पो चालला बघ, घरंगळला."

बाबूसिंग गरकन वळला. वळला तसाच कंबर धरून मांडवाच्या खांबाला लटकला. "याडी ये," म्हणला. त्याच्या स्वतःच्या तोंडानं.

पोरगं गप झालं.

एक जण हसला, मंग सगळे, आन् बापूला म्हणायला लागले, "रामकिशन, नातू काही पायाळू न्हाई तुझा. सोनोग्राफी चुकली." मी बी मंडपात उभा राहिलो आन् सांगितलं, हा न्हाई, आन् मी बी न्हाई, दोघं बी सरळ. बापूनं अख्ख्या गावासमोर माझ्या कानाखाली वाजवली. कान दोन दिवस दुखला. मी त्याला काही लावलं न्हाई, दुखू दिला.

८

दारात आता रांग नसते. पाटील चहाला बोलवत न्हाई. शकुबाई सोडली तर आईला कुणी ताई म्हणत न्हाई. बापू माझ्याशी बोलत न्हाई, ताट सुद्धा आईच्या हातानं सरकवतो. गावातले लोक मला बघितलं की पाय वर करून दाखवतात. तरी बी मी गल्लीतून जाताना छाती काढून जातो. माझ्या सगळ्या थापांत ही एकच, सोनोग्राफी चुकल्याची, जी मी मरेपर्यंत सांभाळणार हाय.

दीड महिन्यानं पोराला लस द्यायला मी आन् कोमल दवाखान्यात गेलो. पोराला मी घेतलेलं. बारशापासून पोरगं मोठ्यानं रडलंच न्हवतं. भूक लागली तरी नुसती चुळबुळ. आमी दोघांनी ते एकमेकांना बोलून दाखवलं न्हवतं. साक्षी सिस्टरनं मांडी पुसली, सुई टोचली.

पोरानं माझ्याकडं बघितलं. एक श्वास. दोन. तोंड उघडलं, पण आवाज आला न्हाई. कोमलनं माझं मनगट धरलं.

मंग ते बोंबललं. लाल-काळं होऊन, मुठी आवळून, सगळा दवाखाना डोक्यावर घेऊन.

"अहो मामा," सिस्टर म्हणाली, "लेकरू एवढं रडून राहिलंय आन् तुमी हसून काय राहिले?"

मी कान त्याच्या तोंडापाशी नेला आन् नीट ऐकलं. आवाज त्याचाच होता.